काखेतली गाठ आणि दंडावरचं पान

मी आठवीत असताना माझ्या डाव्या काखेत एक गाठ आली, आणि बालाघाटच्या आमच्या मोहल्ल्यात किती डॉक्टर राहतात ते मला पहिल्यांदाच कळलं. तोवर मी समजत होते की डॉक्टर फक्त सरकारी दवाखान्यात असतात. गाठीची बातमी नळावर पोचायचा अवकाश, दारोदारी तज्ज्ञ निघाले. त्यांतल्या एकीनेही माझा हात पाहायला मागितला नाही. सगळ्यांचं लक्ष काखेवर. माझं नशीब, असं मला तेव्हा वाटलं.

कारण गाठ कशाने आली ते मला चांगलं माहीत होतं. जगात फक्त मला एकटीलाच माहीत होतं, आणि सांगायची सोय नव्हती. ती का नव्हती, हे आधी सांगते.

माझे बाबा सरकारी लाकूड डेपोत होते. जंगलातून आलेल्या सागाच्या ओंडक्यांवर हातोड्याने शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, त्याच आठवड्यात त्यांनी घरातले सगळे देव टोपलीत घातले आणि वैनगंगेत सोडून आले. देव गेले, टोपली परत आणली. टोपली चांगली होती. तेव्हापासून आमच्या घरात नवस नाही, उतारा नाही, दृष्ट काढणं नाही. झाडफुकीचं तर नावच काढायचं नाही. त्यांची आई मानेच्या गाठींनी गेली होती. दोन वर्षं तिला झाडणाऱ्याकडे नेत होते, अंगारा लावत होते, आणि दवाखान्यात नेली तेव्हा डॉक्टरने मान हलवली. बाबा तेव्हा लहान होते. दर रविवारी विहारात ते पुढे उभे राहून बोलायचे, त्यात ही आई हमखास यायची. बोलता बोलता त्यांचा आवाज बसायचा. विहारात येणाऱ्या आम्हा मुलींना ते भाषण पाठ होतं, आणि आवाज नेमका कुठल्या वाक्याला बसणार यावर आमच्या पैजा लागायच्या. आज ते आठवून मला माझी लाज वाटते.

गोंदण हीसुद्धा बंद केलेली गोष्ट. मायचे दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेले होते, ते काही वैनगंगेत सोडता येत नव्हते. पण मुलीच्या अंगावर एक ठिपका येणार नाही, असं बाबांनी जाहीर केलं होतं. ते म्हणायचे, "लाकडावर मी शिक्का मारतो तो मालक कोन हे समजावं म्हून. माह्या पोरीचा मालक कोन आहे?"

मोठी माणसं असं बिनतोड बोलली की चौदा वर्षांच्या मुलीला ते मोडल्याशिवाय चैन पडत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी आत्याकडे गेले होते. आत्याचं गाव रामपायलीच्या जवळ. कार्तिकी पुनवेला रामपायलीला जत्रा भरते. आत्यानेही दीक्षा घेतली होती, त्यामुळे आम्ही मंदिरात जाणार नव्हतो, फक्त बांगड्या भरायला जाणार होतो. बांगड्यांचं दुकान मंदिराच्या पायरीला लागून होतं, त्याला आत्याचा काही इलाज नव्हता. ती तिथे घासाघीस करत बसली आणि मी तिच्या शेजारच्या मुलींबरोबर गोंदणारीपुढे जाऊन उभी राहिले.

मुली तुळस काढून घेत होत्या, विंचू काढून घेत होत्या, कमळ काढून घेत होत्या. मी बाजूला उभी राहून मनातल्या मनात वकिली करत होते. बाबांचा राग आहे देवांच्या खुणांवर. पण पिंपळाचं पान? पिंपळाखालीच तर बुद्धाला ज्ञान झालं. विहारातल्या तसबिरीत ते झाड पानापानांसकट काढलेलं आहे. म्हणजे पिंपळाचं पान गोंदलं तर तो शिक्का नव्हे, तो तर धम्मच. एवढा पक्का मुद्दा सापडल्यावर हात पुढे न करणं हा धम्माचा अपमान झाला असता.

गोंदणारीने उभ्या जन्मात पिंपळाचं पान काढलं नव्हतं. "पान म्हणजे विड्याचं ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, नाही, पिंपळाचं, खाली लांब टोक पाहिजे. तिने दोऱ्याने बांधलेल्या तीन सुया काजळीत बुडवल्या. त्या सुया सकाळपासून निम्म्या जत्रेच्या हातांतून जाऊन आल्या होत्या. मधेच लुगड्याच्या पदराला पुसायची, एवढीच काय ती स्वच्छता. पान डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला काढलं, बाहीखाली झाकलं जाईल असं. टोक जरा जास्तच लांबलं आणि वळलं. ते पान कमी आणि कैरी जास्त दिसत होतं. "पाच दिवस हळद लाव," ती म्हणाली.

हळद मी लावली नाही. हळदीचा डाग बाहीवर उमटला असता. त्याऐवजी जुन्या परकराची एक चिंधी फाडली आणि कुणाला दिसू नये म्हणून दंडाला करकचून बांधली. दोन दिवस सोडलीच नाही. पू होण्याचा याहून चांगला उपाय आजही कुणाला सुचणार नाही.

बालाघाटला परत येईपर्यंत पान सुजलं होतं आणि आठवड्याभरात काखेत गाठ लागली. आधी हरभऱ्याएवढी, मग बोराएवढी. हात वर करून वेणी घालता येईना, तेव्हा मायच्या लक्षात आलं. तिने झग्याच्या गळ्यातून हात घालून चाचपलं आणि लगेच निदान केलं, "काखमांजरी आहे. वाढत्या पोरींले होते."

आमच्याकडे काखेतल्या कोणत्याही गाठीला काखमांजरी म्हणायचे. एकदा नाव दिलं की कारण शोधायची गरज उरत नाही. मी लाजायचं निमित्त करून झगा काढू दिला नाही, म्हणून मायने गळ्यातूनच हात घालून जवसाचं पोटीस बांधलं, कांदा भाजून बांधला, मग दोन्ही एकत्र बांधले. मी शाळेत गेले की बाकावरच्या मुली नाकाला रुमाल लावायच्या. थंडीचे दिवस होते म्हणून मी बाबांचा जुना लांब बाह्यांचा स्वेटर घालत होते. मायला वाटलं, पोरीला हुडहुडी भरते आहे. हळूहळू ती खरोखरच भरायला लागली.

शेजारची म्हातारी एक दिवस काठी टेकत आली आणि गाठीला बोट लावून दोन पावलं मागे सरली.

"हे तं गाठीची बिमारी आहे वं! आमच्या वक्ताले आलती. काखेत गाठ, जांघेत गाठ, तीन दिवसांत मानूस खतम. अख्खं गाव वावरात झोपड्या बांधून राह्यलं होतं."

ती प्लेगबद्दल बोलत होती. तिच्या तरुणपणी आलेला प्लेग ती माझ्यासाठी चाळीस-पन्नास वर्षं सांभाळून बसली होती. मग तिने आमच्या घरात मेलेला उंदीर शोधायला सुरुवात केली. दुर्दैवाने एक सापडला. आमच्या मांजरीने तो सकाळीच मारून पाणी तापवायच्या चुलीमागे ठेवला होता. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत नळावर आमच्यासाठी वेगळी जागा झाली आणि मायला पहिल्यांदाच रांगेत न उभं राहता पाणी मिळालं.

बाकीच्यांची मतं किरकोळ होती. कुणी म्हणे भरलेली घागर डाव्या कमरेवर घेतल्याने, कुणी म्हणे जास्त लिहिण्याने. मी उजव्या हाताने लिहीत होते, पण तेवढ्या तपशिलात कोण शिरतं? एकीने अगदी हळू आवाजात मायला सांगितलं की गाठ राहिली तर पुढे लग्नाला अडचण येते. माय त्या रात्री जेवली नाही. प्लेगच्या बातमीने तिची भूक गेली नव्हती.

बाबांनी हे सगळं चार दिवस ऐकलं आणि पाचव्या दिवशी म्हणाले, "उद्या दवाखान्यात जाऊ."

त्या अख्ख्या मोहल्ल्यात शहाणपणाचं वाक्य बोलणारे ते एकटेच होते. आणि त्याला विरोध करणारी मी एकटीच. दवाखान्यात बाही वर करायला सांगतील, ही माझी भीती. चार दिवस विचार करून मला एकच असा वैद्य सुचला होता जो गाठीवर फुंकर मारेल, अंगारा देईल आणि माझ्या दंडाकडे ढुंकूनही पाहणार नाही.

"मले दवाखान्यात नाही जायचं," मी म्हटलं. "मले झाडणाऱ्याकडे न्या."

मायच्या हातातली परात खाली पडली. बाबा माझ्याकडे वळले.

"काय म्हनली तू?"

"हट्टा गावाच्या रस्त्यावर तो म्हातारा झाडते ना, त्याच्याकडे. माहा त्याच्यावर भरोसा आहे."

"काहून?"

मी म्हटलं, "सगळ्यांले बरं वाटते त्याच्यानं."

ते रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी मारलं असतं तरी चाललं असतं. पण ते खाटेवर बसले आणि आपल्या तळहातांकडे पाहत राहिले. एवढ्या रविवारांची भाषणं आपल्याच घरात वाया गेली, असा त्यांचा चेहरा झाला होता. मला फार वाईट वाटलं, पण बाही वर करण्याइतकं वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सायकलवर बसवून दवाखान्यात नेलंच. लेडी डॉक्टर रजेवर होत्या. डॉक्टरसाहेब होते, आणि चौदा वर्षांच्या मुलीची काख तपासायची म्हटल्यावर ते माझ्याहून जास्त लाजले. त्यांनी आयाला बोलावलं. आयाने मला पडद्यामागे नेऊन स्वेटरच्या खालून हात घातला, मी किंचाळले, आणि तिने पडद्यावरून अहवाल दिला, "बेर से बड़ी है साब, गरम है." झाली तपासणी.

डॉक्टर मात्र माणूस हुशार होता. तो बाबांना म्हणाला, "देखो भाई, बगल की गाँठ अपने आप नहीं आती. हाथ में घाव हो, फोड़ा हो, काँटा चुभा हो, बिल्ली ने नोचा हो, उससे आती है. बाल की जड़ पक जाए तो भी आती है." मग माझ्याकडे वळून, "बेटी, इस हाथ में कुछ हुआ है?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"कुछ भी नहीं? बाँह ऊपर करो ज़रा."

मी हात पोटाशी धरून रडायला लागले. दुखत तर होतंच, त्यामुळे ते रडणं खोटं नव्हतं. तेव्हा बाबा मधे पडले.

"साहब, मेरी लड़की झूठ नहीं बोलती."

बाहेर चाळीस माणसं उभी होती. डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि कागदावर लिहायला लागला. हाताला काही झालं नसेल, तर ही टीबीची गाठ असू शकते. गोळ्या देतो. आठवड्यात उतरली नाही तर नागपूरला न्या, तिथे गाठ कापून तपासतील. तोवर शाळा बंद.

बाबांनी टीबी हा शब्द ऐकला आणि टेबलाची कड धरली. त्यांच्या आईच्या मानेवरच्या गाठींना शेवटी डॉक्टरने हेच नाव दिलं होतं. येताना ते सायकलवर बसले नाहीत. मला मागे बसवून सायकल ढकलत घरापर्यंत चालत आले. शाळेवरून जाताना त्यांनी मान दुसरीकडे वळवली. आठवीची बोर्डाची परीक्षा तीन महिन्यांवर होती आणि मोहल्ल्यातली मॅट्रिक होणारी पहिली मुलगी मी असणार, असं ते डेपोतल्या ओंडक्यांनासुद्धा सांगून बसले होते.

गोळ्यांनी गाठ उतरली नाही. पान आता पान राहिलंच नव्हतं. चिंधी सोडली की वास यायचा. दंडापासून काखेपर्यंत एक तांबडी रेघ उमटली होती. अंगात ताप होता, हात बाजूला पडून राहायचा. मला आता मरणाची भीती वाटत होती, आणि तरी बाही वर करायचीही भीती वाटत होती. माणसाची अक्कल अशा वेळी कुठे जाते, ते मला अजून कळलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी बाबा डेपोत गेले नाहीत. सकाळीच सायकल घेऊन बाहेर पडले ते दुपारी आले. धुळीने भरलेले. खाटेजवळ बसले, सदऱ्याच्या खिशातून कागदाची एक पुडी काढली आणि माझ्या उशाशी ठेवली. वर बघत नव्हते.

"त्याच्याकडून आनली," ते म्हणाले. "हट्ट्याच्या रस्त्यावरच्या."

मला कळेना. पुडीत राख होती.

"तू म्हनत होती ना, तुहा भरोसा आहे म्हून. माहा नाही. पन तुहा आहे ना. लाव. लाव आन् बरी हो."

हे बोलताना त्यांचा आवाज बसला. पैज लावायला शेजारी कुणी नव्हतं. हा माणूस त्या म्हाताऱ्यासमोर जाऊन बसला असणार. त्याने सांगितलं असेल तसं हात जोडून बसला असणार. आईला मारणाऱ्या गोष्टीपुढे मुलीसाठी हात जोडले, आणि तेही मी खोटं बोलले म्हणून. मला गाठीपेक्षा ते सहन झालं नाही. मी उजव्या हाताने स्वेटरची बाही वर ओढली. चिंधी चिकटली होती, तीही ओढली.

बाबांनी पाहिलं.

"हे का आहे?"

"पिंपळाचं पान," मी म्हटलं. "रामपायलीले गोंदलं. देव नाही काढला, बाबा. पिंपळाचंच पान आहे."

मला वाटलं आता मार बसेल. त्यांनी मला दोन्ही हातांवर उचललं, माझं वजन त्यांना झेपत नव्हतं तरी, आणि धावतच रस्त्यावर आले. मिळाला त्या रिक्षात घातलं. वाटेत एकच वाक्य बोलले, "मले सांगाचं होतं ना, बाई."

डॉक्टरने दंड पाहिला आणि कपाळावर हात मारला. मग अर्धा तास त्याने बाबांना झापलं. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर विष रक्तात गेलं असतं, हात गेला असता, पोर गेली असती. पढ़े-लिखे दिखते हो, बाप हो, लड़की का हाथ नहीं देखा? बाबा मान खाली घालून म्हणाले, "गलती हुई साहब. मैंने हाथ नहीं देखा." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. पू काढला, आठ दिवस पेनिसिलिनची इंजेक्शनं झाली, गरम पाण्याने शेक झाला, आणि गाठ आली तशी गेली. मोहल्ल्यातल्या सगळ्या तज्ज्ञांनी गाठ आपापल्या उपायाने गेली असं ठरवलं. पुडीतली राख मायने भांडी घासायला वापरली. मी परीक्षेला बसले आणि पासही झाले.

पण बाबांना हट्ट्याच्या रस्त्यावर कुणीतरी पाहिलं होतं. देव बुडवणारा माणूस झाडणाऱ्यासमोर बसला, ही बातमी माझ्या गाठीपेक्षा लवकर पसरली. पुढच्या रविवारी विहारात बाबा बोलायला उभे राहिले, तेव्हा मागून एकाने विचारलं, "तुमी गेलते म्हन्ते लोकं, झाडणाऱ्याकडं?"

"हौ, गेलतो," बाबा म्हणाले.

"काहून जी?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. गोंदणाबद्दल घरातल्या आम्हा तिघांशिवाय कुणाला कळू नये, अशी त्यांनी ताकीद दिली होती. पोरीला लोक नावं ठेवतील म्हणून. ते मागे जाऊन पोत्यावर बसले. त्यांच्या जागी दुसरा कुणीतरी उठून वाचायला लागला. त्यानंतर बाबा विहारात पुढे उभे राहून कधीच बोलले नाहीत. पुढची किती वर्षं जो उठेल तो त्यांना तेच विचारायचा, कुणी गमतीने, कुणी खवचटपणे, आणि ते तेच दोन शब्द सांगायचे.

मी त्या रविवारी बायकांच्या बाजूला पहिल्या ओळीत बसले होते. उभं राहून सांगायचं होतं की ते माझ्यामुळे गेले होते. एका वाक्याचं काम होतं, आणि मी बसूनच राहिले.